‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढ्यावर थांबू नका

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालात की वाटेत बेटेगाव लागते. रस्त्याला लागून गृहसंकुलांच्या इमारती, आत आदिवासी पाडे, मधल्या पट्ट्यात तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. वारली, कातकरी, मल्हार कोळी, घाटावरून आणि खानदेशातून आलेली कुटुंबे, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले तरुण, हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती असे सगळे एकाच रिक्षात बसून कामाला जातात. एरवी भांडणे होतात ती पाण्यावरून, पार्किंगवरून, उधारीवरून. ती मिटतातही. पण कधी कधी माणसाला मार बसतो तो त्याने काही केले म्हणून नव्हे, तर तो अमुक जातीचा, धर्माचा, मुलखाचा आहे म्हणून. असा प्रसंग तुमच्यावर किंवा शेजाऱ्यावर आला तर पहिल्या दिवशी काय करायचे आणि पुढे कुठे कुठे जायचे, ते या लेखात सांगतो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या देशात ‘द्वेषातून घडलेला गुन्हा’ असा वेगळा रकाना पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल काढतो. त्यात अनुसूचित जातींवरच्या आणि अनुसूचित जमातींवरच्या गुन्ह्यांची स्वतंत्र प्रकरणे असतात. २०२२ सालचे आकडे अनुक्रमे ५७,५८२ आणि १०,०६४ होते. दोन समूहांमध्ये वैर वाढवण्याच्या गुन्ह्यांचा एक रकाना आहे. पण धर्मावरून, भाषेवरून किंवा परप्रांतीय म्हणून कोणाला मारले, तर ती घटना खून, दुखापत, दंगल यांच्या आकड्यांत विरून जाते. झुंडबळी आणि द्वेषाचे गुन्हे वेगळे मोजण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला होता. मिळालेली माहिती भरवशाची नाही म्हणून तो बंद केल्याचे केंद्र सरकारने पुढे संसदेत सांगितले. त्यात आणखी एक नियम असा की एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. द्वेषापोटी खून झाला तर आकडेवारीत एक खून वाढतो. त्यामागचा द्वेष तिथे दिसत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम वेगळ्या पद्धतीने चालते. १९९३ मध्ये लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासात हेळसांड केली. त्यावरच्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने १९९९ मध्ये शिफारस केली की पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वंशद्वेषाची वाटली, तर पोलिसांनी ती तशी नोंदवावी. पुरावा, सिद्धता या पुढच्या गोष्टी. आता तिथे वंश, धर्म, लैंगिक कल, अपंगत्व आणि तृतीयपंथी ओळख या पाच कारणांची नोंद होते. आपल्याकडे अशी सोय नसल्यामुळे सगळा भार फिर्यादीच्या पहिल्या कागदावर येतो. त्या कागदावर कारण आले नाही, तर ते पुढे तपासात येणे कठीण, कोर्टात त्याहून कठीण आणि देशाच्या हिशोबात तर अशक्यच.

एनसी देऊन बोळवण

समजा, वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका कातकरी बाईने शनिवारी हिशोब मागितला. मुकादमाने चारचौघांत तिची जात काढली, थोबाडीत मारली आणि पुन्हा तोंड उघडलेस तर बघून घेईन, असे धमकावले. ती नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार विचारतो, काय झाले? नवरा सांगतो, मुकादमाने शिवीगाळ करून मारले. अंमलदार लिहून घेतो: शिवीगाळ, मारहाण, धमकी. भारतीय न्याय संहितेची कलमे ३५२, ११५(२) आणि ३५१(२). तिन्ही अदखलपात्र. हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती पडते आणि दोघे भट्टीवर परत जातात. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय अशा एनसीचा तपासही होत नाही.

आता त्याच बाईने मुकादमाच्या तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे सांगितले तर बघा: ‘कातकरी लोकं तुम्ही, तुमची लायकी भट्टीवर राबायची, हिशोब कसला मागतेस?’ हे शब्द, ती जागा आणि ऐकणाऱ्यांची नावे कागदावर आली की अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे ३(१)(आर) आणि ३(१)(एस) लागतात. गुन्हा दखलपात्र होतो. एफआयआर घ्यावाच लागतो, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि आरोपीला अटकपूर्व जामिनाचा मार्ग या कायद्याच्या कलम १८ ने बंद केलेला आहे. मार तोच, माणसे तीच. फरक पडला तो दोन ओळींनी.

म्हणून फिर्याद देताना ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ या तयार वाक्यावर समाधान मानू नका. पोलीस ठाण्यांतून हे वाक्य सवयीने लिहिले जाते आणि पुढे कोर्टात वकील पहिला प्रश्न हाच करतो, नेमके कोणते शब्द? शिवी उच्चारायला लाज वाटते, विशेषतः बायकांना. वाटली तरी सांगा. बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. लिहिता येत नसेल तर सोबतच्या बाईला कानात सांगा आणि तिला लिहायला लावा, पण शब्द यायला हवेत.

शब्दांबरोबर आणखी चार बाबी त्याच जबाबात आल्या पाहिजेत. तुमची जात किंवा जमात कोणती आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे स्पष्ट लिहा. तो तुम्हाला किती दिवसांपासून ओळखतो तेही लिहा, कारण तुमची किंवा तुमच्या कुटुंबाची त्याला ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असेच कोर्टाने धरायचे आहे. आरोपीने उलट सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. प्रसंग कुठे घडला ते नीट सांगा. लोकांना दिसेल-ऐकू येईल अशी जागा असावी लागते. भट्टी, नाका, कंपनीचे गेट, सोसायटीचे आवार, रस्त्यावरून दिसणारे अंगण ही ठिकाणे त्यात बसतात. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे या दोन कलमांत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. आणि साक्षीदारांत घरच्यांखेरीज एकदोन बाहेरची नावे द्या: चहावाला, दुसऱ्या भट्टीवरचा मजूर, रिक्षावाला.

जातीचा दाखला लगेच हाताशी नसेल तर तेवढ्यासाठी फिर्याद अडत नाही, तो तपासात देता येतो. मात्र कातकरी पाड्यांवर आजही कितीतरी घरांत दाखले नाहीत. प्रांत कार्यालयाचे शिबिर लागले की आधी ते काढून घ्या. प्रसंग घडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम हाताशी वेळ असताना झालेले बरे.

खैरलांजीने शिकवलेले

कारण कागदावर न राहिल्याने काय होते, ते महाराष्ट्राने भंडारा जिल्ह्यात पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांना जमावाने ठार मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, त्यांतल्या सहांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे कृत्य जातीतून नव्हे, सूडातून घडले असे म्हटले आणि फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. दलित कुटुंबावर गाव तुटून पडले, आणि न्यायालयाच्या निकालात जात उरली नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या न्यायव्यवस्थेतली ही फार मोठी उणीव आहे आणि तिचे मूळ पहिल्या काही दिवसांच्या तपासात आहे.

त्यानंतर कायदा बदलला. पूर्वी मोठ्या शिक्षेच्या कलमासाठी ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरेसे ठरवले. पुढे आणखी एक वळण आले. कराडच्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्रकरणावरून २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एफआयआरपूर्वी चौकशीची आणि अटकेपूर्वी परवानगीची अट घातली. देशभर आंदोलन झाले आणि त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ती अट काढली. तेव्हा पोलीस ठाण्यात कोणी तुम्हाला ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे म्हणाले, तर हे कलम शांतपणे सांगा. अत्याचाराच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशीची गरज नाही.

धर्म, भाषा, मुलूख

अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाला इतका मजबूत कायदा नाही. तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन नवी पोटकलमे आहेत आणि बोईसरसारख्या गावात ती सर्वांना माहीत असायला हवीत. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा अशाच कारणावरून कोणाचा खून केला, तर त्या टोळक्यातल्या प्रत्येकाला कलम १०३(२) नुसार फाशी किंवा जन्मठेप. याच कारणांवरून अशा टोळक्याने जबर दुखापत केली, तर कलम ११७(४) नुसार ७ वर्षांपर्यंत शिक्षा. धर्म हा शब्द या यादीत नाही, तो असायला हवा होता. पण ‘समुदाय’ आणि ‘व्यक्तिगत श्रद्धा’ हे शब्द आहेत, तेव्हा फिर्यादीत त्यांचा आधार घ्या. जन्मस्थान आणि भाषा मात्र स्पष्ट लिहिलेली आहेत. ‘भय्या’ म्हणून खोलीतून ओढून काढलेल्या गोरखपूरच्या कामगाराला हे कलम लागते आणि परराज्यात मराठी म्हणून मार खाल्लेल्या आपल्या मुलालाही तितकेच लागते.

इथेही हिशोब तोच. पाच माणसे होती हे लिहिले पाहिजे, नावे माहीत नसतील तर वर्णन लिहिले पाहिजे आणि मारताना ते काय बोलत होते ते लिहिले पाहिजे. धार्मिक स्थळाची नासधूस असेल तर कलम २९८, प्रार्थना चालू असताना केलेला गोंधळ असेल तर कलम ३००, धर्म-जात-भाषेवरून समूहांत वैर पेटवणारे भाषण किंवा मेसेज असेल तर कलम १९६. चिथावणीखोर भाषणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना बजावले आहे की तक्रार येण्याची वाट न पाहता, बोलणारा कोणत्या धर्माचा आहे हे न पाहता गुन्हा नोंदवा. मात्र कलम १९६ चा खटला कोर्टाने हाती घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते आणि प्रकरणे तिथे रेंगाळतात. म्हणून मारहाण, नुकसान, धमकी यांची कलमेही सोबत लावून घ्या, म्हणजे सगळे एका मंजुरीवर लटकणार नाही. तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला असेल तर २०१९ चा त्यांचा स्वतंत्र कायदा आहे, त्याचे कलम १८ सांगा.

परप्रांतीय कामगाराला घेऊन पोलीस ठाण्यात जाल, तेव्हा दोन गोष्टी पाहा. फिर्याद मराठीत लिहिली जाते. ती त्याला हिंदीत वाचून, समजावून दिल्याशिवाय अंगठा किंवा सही होऊ देऊ नका. आणि पत्ता लिहिताना खोलीचा पत्ता, गावचा पत्ता, ठेकेदाराचे नाव आणि चालू मोबाइल नंबर हे सगळे लिहून घ्या. कंपनी सुटली की तो गावी जातो, समन्स बोईसरच्या बंद खोलीवर येते आणि फिर्यादी गैरहजर म्हणून प्रकरण कोसळते.

कारणाचा पुरावा

मनातला हेतू कोणी पाहिलेला नसतो. तो शब्दांवरून कळतो, म्हणून शब्दांचा पुरावा जपायचा. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसने पालघर मागे टाकले आणि त्यानंतर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि पाठोपाठ तीन मुसलमान प्रवाशांना वेगवेगळ्या डब्यांत गोळ्या घातल्या. त्यांतला एक प्रवासी आपल्याच जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याचा होता. सुरुवातीची कलमे खुनाची आणि शस्त्रास्त्र कायद्याची होती. मृतदेहाजवळ उभा राहून तो काय बोलला, त्याचा एका प्रवाशाने घेतलेला व्हिडिओ पुढे आला आणि रेल्वे पोलिसांनी समूहांत वैर वाढवण्याचे तेव्हाचे कलम १५३-अ त्यात जोडले. तो व्हिडिओ नसता तर हे प्रकरण डोके फिरलेल्या शिपायाचे म्हणूनच नोंदले जाण्याची शक्यता होती.

तुमच्याकडे असा व्हिडिओ असेल तर तो कापू नका, त्यावर काही लिहू नका, गाणे घालू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दबून जाते, मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा आणि तोच पोलिसांना दाखवा. कोर्टात तो चालायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ते तपास अधिकाऱ्याकडून किंवा वकिलाकडून करून घ्या. फोन जमा केलात तर जप्ती पंचनाम्याची पावती घ्या. दुकानातले आणि सोसायटीतले सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्याच दिवशी चेअरमनला किंवा दुकानदाराला दोन ओळींचे पत्र द्या, अमुक वेळेचे रेकॉर्डिंग जपून ठेवा, आणि त्याची प्रत पोलिसांना द्या. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा, एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद, करून घ्या आणि डॉक्टरला कशाने मारले तेही सांगा. फाटलेला सदरा धुऊ नका.

आणि तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. ज्याला मारले त्याची अब्रू जाते, ज्यांनी मारले त्यांना ओळखून साक्ष देणारे घाबरतात आणि समोरच्या वस्तीत दुसरा जमाव तयार होतो.

द्वेष नसेल तिथे द्वेष लिहू नका

पालघर जिल्ह्याने याची दुसरी बाजूही भोगली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे कांदिवलीहून सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्याआधीचे कितीतरी दिवस चोर फिरतात, मुले पळवतात अशा अफवा गावोगाव मोबाइलवर फिरत होत्या. दोनच दिवस आधी सारणीजवळ आदिवासींना मदत वाटून परतणाऱ्या डॉक्टरच्या गाडीवरही हल्ला झाला होता. गडचिंचलेच्या घटनेला देशभर धर्माचा रंग चढू लागला, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. तिघांचा जीव घेणारा गुन्हा भयंकरच होता, त्याला कोणतीही सबब नाही. पण त्याचे कारण अफवा होते. ज्यांचा काही संबंध नाही अशा समाजावर खोटे कारण लादले असते, तर आणखी माणसे मेली असती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी असेच मुले पळवण्याच्या अफवेने मारले गेले. ते भटके नसते, वेषाने वेगळे दिसले नसते, तर जमावाने तसे धाडस केले असते असे मला वाटत नाही. अफवा कोणाला लागते, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत आदेश दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, जलद सुनावणी, पीडितांच्या कुटुंबाला भरपाईची योजना असे त्यात आहे. तुमच्या पाड्यावर किंवा ग्रुपवर अशी अफवा आली की ११२ ला कळवा आणि पोलीस पाटलाला सांगा. हे चहाडी करणे नव्हे. एखाद्या अनोळखी माणसाचा जीव त्याने वाचतो.

आणि २०१२ चे पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका तरुणीला आणि तो लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघर पोलिसांनी पकडले. आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम लावले, मग वैर पसरवल्याचे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. दरम्यान एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. त्या अटकेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६-अ रद्द झाले. पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबनही झाले. दवाखाना फोडणारे आणि प्रश्न विचारणारी मुलगी यांत गुन्हा कोणी केला, हे पोलिसांना त्या रात्री ओळखता आले नाही. न पटणारे मत, राजकीय टीका, देवस्थानाच्या हिशोबावरचा प्रश्न यांना द्वेषाचा गुन्हा म्हणून फिर्याद ठोकू नका. खोट्या किंवा फुगवलेल्या फिर्यादीने खऱ्या पीडिताचे दार बंद होते. पुढच्या कातकरी बाईला अंमलदार म्हणतो, तुम्ही लोक उगाच अ‍ॅट्रॉसिटी लावता.

पोलिसांनी फिर्याद घेतली नाही तर

हद्दीचा वाद घालत बसू नका. बोईसर, तारापूर, पालघर, मनोर की रेल्वे पोलीस, हे ठरवणे तुमचे काम नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो आणि ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती हातात घेतल्याशिवाय आणि कोणी तरी वाचून दाखवल्याशिवाय बाहेर पडू नका. अत्याचार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर वाचून दाखवणे आणि प्रत देणे ही पोलिसांची कर्तव्ये म्हणूनच लिहिलेली आहेत आणि ती जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

नकार मिळाला तर त्याच दिवशी लेखी अर्ज करून स्पीड पोस्टाने पालघरच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७५(३). वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, जातीय अत्याचाराची किंवा वांशिक हिंसेची पीडित व्यक्ती आणि औद्योगिक कामगार, या सर्वांना फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तारापूरच्या कामगारांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. अत्याचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, त्यानंतर ते प्रकरण घेत नाहीत.

उलट गुन्ह्याची तयारीही ठेवा. तुम्ही फिर्याद दिली की समोरून चोरीची किंवा विनयभंगाची फिर्याद येते, तडजोडीसाठी सरपंच, ठेकेदार, नातेवाईक घरी येतात. कोण आले, काय बोलले, तारीख घालून वहीत लिहा. धमकी असेल तर ती वेगळी फिर्याद होते.

गुन्हा नोंदल्यानंतर अत्याचार कायद्यात अर्थसाहाय्य आहे, ते ८५,००० पासून ८,२५,००० रुपयांपर्यंत. आपल्या उदाहरणातल्या बाईला १ लाख रुपये: पाव रक्कम एफआयआरनंतर, निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेली पाव आरोपी दोषी ठरल्यावर. हे काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयातून होते. तपास आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत व्हायला हवे. कोर्टाच्या तारखेला जाण्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी नियम ११ प्रमाणे मागता येते, तोंडी कोणी देत नाही, अर्ज करावा लागतो.

साक्षीदारांना सांभाळणे हे सर्वांत अवघड काम आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले. पुण्यात २ जून २०१४ रोजी सोलापूरच्या मोहसीन शेख या तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारले, २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपीही निर्दोष सुटले. अत्याचार कायद्याच्या कलम १५-अ मध्ये साक्षीदारांना संरक्षण, प्रत्येक सुनावणीची आगाऊ सूचना आणि कामकाजाचे चित्रीकरण हे हक्क आहेत. सरकारी वकिलाला पहिल्याच तारखेला भेटून ते लेखी मागा. आणि शेजारी म्हणून तुम्ही साक्षीदार असाल, तर पाच वर्षांनी समन्स येईल तेव्हाही पोलिसांना जे सांगितले तेच सांगा.

शेवटी हिशोबाचे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि नियम १७ प्रमाणे तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. किती गुन्हे नोंदले, किती तपासावर आहेत, किती जणांना पैसे मिळाले, हे तिच्या इतिवृत्तात असते. पालघरच्या समितीचे गेल्या वर्षभराचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही पैसे लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. बेटेगावच्या ग्रामसभेतून, बचत गटातून, सोसायटीतून कोणी तरी एकाने हा अर्ज या महिन्यात करावा आणि आलेले कागद पाड्यावर वाचून दाखवावेत.